सेंद्रिय प्रदूषकं हवेतून किती लांब जातात? टूलमधले ‘१००० किमी’ कसे वाचायचे?

पठारवारा: ओईसीडीच्या स्क्रीनिंग टूलमध्ये (रसायन किती टिकतं आणि किती लांब जातं याचा अंदाज देणारं मॉडेल) काही कीटकनाशकं आणि पीएएच (जळणातून निघणारी बहुवलयी हायड्रोकार्बनं) तपासतो आहे. जवळजवळ पूर्ण वायुरूप राहणाऱ्या रसायनाचं हवेतलं अर्धायुष्य २ दिवस धरलं की प्रवासाचं अंतर साधारण १००० किमी येतं. म्हणजे विदर्भात कापसावर फवारलेलं औषध १००० किमीवर संपतं, असं समजायचं का? दुसरं, बेंझो-ए-पायरीन (बीएपी) या पीएएचचं हायड्रॉक्सिलशी (हवेतली रसायनं तोडणारा क्रियाशील ओएच मूलक) होणाऱ्या अभिक्रियेवरून अर्धायुष्य ४ तासांच्या आसपास निघतं, म्हणजे शंभर किमीसुद्धा होत नाहीत. मग ते आर्क्टिकच्या हवेत कसं सापडतं? तिसरं, महाबळेश्वरला नमुने घेऊन उगम शोधायचा तर हायस्प्लिट (हवा कुठून आली ती वाट उलटी काढणारं मॉडेल) पुरे का?

शून्यवारा: संपत नाही. तीव्रता मूळच्या ३७ टक्क्यांवर उतरते, ते हे अंतर. टूलमध्ये वारा सेकंदाला ४ मीटर वेगाने अखंड एकाच दिशेने वाहतो, म्हणजे दिवसाला ३४६ किमी. अर्धायुष्य २ दिवस, त्याला ०.६९३ ने भागलं की सरासरी आयुष्य २.८९ दिवस. गुणाकार केला की ९९७ किमी. २००० किमीवर अजून १४ टक्के शिल्लक असतात, ३००० वर ५ टक्के. स्टॉकहोम कराराच्या निकषांत हवेतल्या अर्धायुष्याची मर्यादाही २ दिवसांचीच आहे.

खरा वारा असा सरळ वाहत नाही, त्यामुळे या आकड्यावरून नकाशावर वर्तुळ काढू नका. दोन रसायनांची तुलना करायला तो चांगला, तेवढ्यापुरताच वापरा.

हायड्रॉक्सिलची सरासरी तीव्रता घनसेंटीमीटरला १० लाख रेणू धरली तर आयसोप्रीनचं सरासरी आयुष्य ३ तासांच्या आत, झायलीनचं अर्धा दिवस, टोल्युइनचं २ दिवस, बेंझीनचं ९-१० दिवस. त्याच ४ मीटरच्या वाऱ्याने अनुक्रमे ४०, १७०, ७०० आणि ३३०० किमी. हेक्झाक्लोरोबेंझीनचं आयुष्य वर्षाहून जास्त, तिथे किलोमीटर मोजण्यात अर्थच नाही. टोल्युइन आणि बेंझीनचं गुणोत्तर उतरत गेलं की हवा ‘जुनी’ झाली असं म्हणतात ते यामुळेच. पण लाकूड-पाचटाच्या धुरात हे गुणोत्तर मुळातच १ च्या खाली असतं. शेजारी पाचट जळत असेल तर ताजी हवाही जुनी वाटेल.

काजळी_०७: बीएपीच्या गणितात ते वायुरूप धरलं, तिथे घोळ आहे. त्याचा लॉग केओए (केओए म्हणजे ऑक्टेनॉल आणि हवा यांत रसायन कसं वाटलं जातं ते गुणोत्तर; जास्त असेल तितकं ते कणांना चिकटतं) ११ च्या आसपास, म्हणजे जवळपास सगळं कणांना चिकटलेलं. हायड्रॉक्सिल आत पोचत नाही. ओझोन पृष्ठभागावर खातो खरा, पण थंड-कोरड्या हवेत कणावर सेंद्रिय पदार्थांचा घट्ट थर बसला की तेही मंदावतं. मग अंतर ठरतं ते कणाच्या आयुष्यावर. ०.१ ते १ मायक्रॉनचे कण पावसाविना आठवडाभर तरंगतात, जाड कण काही तासांत खाली बसतात. जानेवारीत ईशान्येच्या वाऱ्याबरोबर आपला धूर अरबी समुद्रावर लांबवर जातो (१९९९ च्या इंडोएक्स मोहिमेत तो हिंदी महासागरावर मोजलाच होता). जुलैत तोच धूर पहिल्या मोठ्या सरीत धुऊन निघतो. वर्षाचं एकच सरासरी अंतर सांगणाऱ्या तक्त्याकडे मी तरी लक्ष देत नाही.

पूर्ण वायुरूपही नाहीत आणि पूर्ण कणांवरही नाहीत, अशा मधल्या गटाचा प्रकार वेगळा. तापमान ३० अंशांवरून शून्यावर आलं की केओए साधारण ३० पट वाढतो. उन्हात जमिनीतून उडायचं, थंडीत बसायचं, परत उडायचं, असं टप्प्याटप्प्याने ते उत्तरेकडे सरकतं. अल्फा-एचसीएच (एचसीएच हे जुनं कीटकनाशक; अल्फा, बीटा, गॅमा ही त्याची रूपं) असंच आर्क्टिकला पोचलं. बीटा-एचसीएच पाण्यात जास्त मुरतं, म्हणून ते बऱ्याच अंशी समुद्रप्रवाहांबरोबर बेरिंगच्या सामुद्रधुनीतून गेलं. फक्त हवेचं अंतर पाहणाऱ्याच्या हातून ते निसटतं.

तुमच्या नमुन्यात एचसीएच सापडलं तर ते आजच्या फवारणीचं असं धरू नका. तांत्रिक एचसीएचवर (सगळ्या रूपांचं मिश्रण) भारतात १९९७ मध्येच बंदी आली, जुनी माती अजून सोडते आहे. अल्फा-गॅमा गुणोत्तर पाहा: तांत्रिक मिश्रणात ४ ते ७, लिंडेनमध्ये (जवळपास शुद्ध गॅमा) १ च्या खूप खाली. मात्र लांबच्या प्रवासात गॅमा आधी कमी होतं, त्यामुळे गुणोत्तर आपोआप चढतं.

पठारवारा: म्हणजे बीएपीला वायुरूप अर्धायुष्य टाकायचंच नाही? आणि सॅम्पलर कोणता घ्यावा?

उलटवाट: टाका, पण ते फक्त वायुरूप हिश्श्याला लागू ठेवा. कणांवरचा हिस्सा वेगळा धरा.

सॅम्पलर प्रश्नावर ठरतो. मोसमी सरासरी हवी असेल तर पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) चकतीचा पॅसिव्ह, म्हणजे पंपाशिवायचा सॅम्पलर, १४ सेंमी व्यास, १.३५ सेंमी जाडी, दिवसाला साधारण ४ घनमीटर हवा. पण त्यावर तीन महिन्यांची सगळी हवा एकत्र मिसळते, तिला मागोवा-रेषा (हायस्प्लिटने काढलेली हवेची उलटी वाट) जोडण्यात हशील नाही. हायस्प्लिट वापरायचं तर २४ तासांचा हाय-व्हॉल्यूम (पंपाने भरपूर हवा ओढणारा) नमुना घ्या: आधी क्वार्ट्झ फिल्टर, मागे पीयूएफ. उन्हाळ्यात हेक्झाक्लोरोबेंझीन आणि हलके पीसीबी पीयूएफमधून पार निघून जातात. मागे दुसरा पीयूएफ लावून वेगळा तपासा. दुसऱ्यात पहिल्याच्या एक तृतीयांशाहून जास्त सापडलं तर त्या संयुगाचा आकडा सोडून द्या. किंवा दोन पीयूएफच्या मध्ये एक्सएडी-२ (शोषक रेझिन) भरा.

हायस्प्लिटला वेळ यूटीसीमध्ये द्यायची. दुपारी २:३० म्हणजे ०९:००. मागे १२० तास, सुरुवात एकाच उंचीवरून नको: १००, ५०० आणि १५०० मीटर, दर ६ तासांनी. अंतराच्या १५ ते ३० टक्के चूक गृहीतच धरा, म्हणजे १००० किमी मागे गेल्यावर १५०-३०० किमी इकडेतिकडे. १ अंशाच्या जीडीएएसमध्ये (हायस्प्लिटला लागणारा हवामानाचा डेटा) सह्याद्रीचा कडा सपाट होऊन जातो आणि कोकणातली हवा घाटावर कशी चढली ते दिसतच नाही. ०.२५ अंशाचा डेटा घ्या आणि रेषा जमिनीला टेकली तर तिथून मागचा भाग ग्राह्य धरू नका. पाऊस लागलेल्या रेषा वेगळ्या काढा, कारण मागोवा-रेषेत धुलाईचा हिशेब नसतो.

फील्ड ब्लँक (हवा न ओढता जागेवर नेऊन आणलेला कोरा नमुना) दर दहा नमुन्यांमागे किमान एक. डोंगरावर तीव्रता कमी असते, त्यामुळे नव्या पीयूएफमधलीच घाण ‘दूरवरून आलेलं प्रदूषण’ म्हणून दिसते. अ‍ॅसिटोन आणि मग हेक्झेनने सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुन्हापुन्हा फिरवून धुणारं उपकरण) धुतल्याशिवाय चकती लावू नका.