'इग्नोर्ड' फाईल: दुर्लक्षित, वगळलेली की आणखी काही?

प्रश्न

एका व्हर्जन कंट्रोल साधनाचे (फायलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचे) संदेश मराठीत आणतोय. गिट या साधनात डॉट-गिटइग्नोर नावाच्या यादीतल्या नमुन्यात (पॅटर्नमध्ये) बसणारी फाईल नाव देऊन ॲड करायला गेलं की गिट अडतं आणि सांगतं, खरंच हवी असेल तर 'फोर्स'चा पर्याय वापरा. मी लिहिलं: "दुर्लक्षित फाईल जोडता येत नाही. जबरदस्तीने जोडा." वाचून माझं मलाच हसू आलं. काय सुचवाल?

प्रतिसाद

'दुर्लक्षित' नकोच. दुर्लक्षित म्हणजे ज्याच्याकडे लक्ष द्यायला हवं होतं पण दिलं गेलं नाही ते. दुर्लक्षित कवी, दुर्लक्षित आजार. इथे कुणाची हेळसांड झालेली नाही, आपणच यादी करून सांगितलंय. सरळ 'वगळलेली' म्हणा.

प्रतिसाद

फाट्यावर मारलेली फाईल! (बरं, गप्प बसतो.)

प्रतिसाद

'वगळलेली' मलाही आधी पटलं होतं, पण ते एका ठिकाणी खोटं पडतं. फाईल आधीच गिटच्या नोंदीत असेल आणि तिचं नाव नंतर डॉट-गिटइग्नोरमध्ये घातलं, तर काहीही होत नाही. तिच्यातले बदल दिसत राहतात, कमिटमध्ये (इतिहासात जतन होणाऱ्या टप्प्यात) जात राहतात. ती यादी फक्त नोंदीत नसलेल्या फायलींना लागू होते. नवशिके नेमके इथेच अडकतात: "वगळली तरी दिसतेय कशी?" फाईल डिस्कवर ठेवून नोंदीतून काढायची तर 'गिट आरएम'ला 'कॅश्ड'चा पर्याय द्यावा लागतो. खरं वगळणं ते.

मग इग्नोर म्हणजे काय? मला विचाराल तर कानाडोळा. गिटला फाईल दिसते, फक्त ते तिचं नाव आपणहून घेत नाही. 'गिट ॲड'पुढे टिंब (म्हणजे 'या फोल्डरमधलं सगळं') दिलं तर ती गुपचूप बाजूला राहते. टिंबाऐवजी तारांकन दिलं की मात्र तक्रार येते, कारण शेल (आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) तारांकनाच्या जागी एकेक नाव भरतं आणि गिटला वाटतं, हे नाव तुम्हीच घेतलंत. मर्क्युरिअल हे दुसरं व्हर्जन कंट्रोल साधन इथे वेगळं वागतं. तेही गिटसारखंच एप्रिल 2005 मधलं, पण नाव घेऊन ॲड म्हटलं की मुकाट्याने घेतं. मला तेच रास्त वाटतं. कानाडोळा करायला सांगितलेल्या गोष्टीचं मालकानेच नाव घेतलं, तर पुन्हा हुज्जत कशाला?

प्रतिसाद

हुज्जत हवीच! तारांकन देणाऱ्याने कुठे नाव घेतलेलं असतं? पासवर्डची फाईल अशीच आत जाते, आणि एकदा इतिहासात गेली की पुढच्या कमिटमध्ये काढूनही जुन्या कमिटमध्ये राहतेच.

शिवाय गिटचा कानाडोळा वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही. माझी सेटिंगची फाईल इग्नोरमध्ये होती. दुसऱ्या एका शाखेत (प्रकल्पाच्या समांतर आवृत्तीत) कुणीतरी त्याच नावाची फाईल कमिट केलेली. मी त्या शाखेत गेलो, गिटने न विचारता माझ्या फाईलवर ती लिहिली. परत आलो तर फाईलच नाही! इग्नोरमध्ये नसती तर गिट तिथल्या तिथे अडलं असतं. म्हणजे गिटच्या मनात इग्नोरला 'गेली तरी चालेल' अशीही छटा आहे. ती ना 'वगळलेली'त येते, ना 'कानाडोळ्या'त.

प्रतिसाद

ती छटा एका शब्दात कोंबू नका, मदतीच्या पानावर स्वतंत्र वाक्य लिहा. आणि 'फोर्स'चं 'जबरदस्तीने' का? जबरदस्ती कुणावर, फाईलवर? इथे अर्थ आहे 'मी नको म्हणतोय, पण तुमचं ठरलंच असेल तर'. मराठीत त्याला 'तरीही' पुरतं. 'जोडा'सुद्धा नको. ईमेलला फाईल जोडतात, इथे ती पुढच्या कमिटसाठी घ्यायची असते.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. 'कानाडोळा' बोलायला छान आहे, पण त्याचं विशेषण होत नाही, 'कानाडोळा केलेली फाईल' बटणावर मावणार नाही. म्हणून विशेषणच टाळलं:

"ही फाईल इग्नोर यादीतल्या नमुन्यात बसते, म्हणून घेतली नाही. तरीही घ्यायची?"

खाली दोन बटणं: 'तरीही घ्या' आणि 'राहू द्या'. कुठल्या यादीतली कितवी ओळ आडवी आली हेही दाखवतोय, गिटमध्ये ते 'चेक-इग्नोर' सांगतं. 'नमुना' शब्दावर कुणाचा आक्षेप?

प्रतिसाद

आहे. 'नमुना आहेस अगदी!' मधला नमुना आठवतो.