मदत हवी आहे: ऑक्टोबरमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन व्हर्माँट आणि न्यू हॅम्पशर, गावातल्या जुन्या इनमध्ये मुक्काम

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सासू-सासरे ऑगस्टमध्ये येतायत, दिवाळी करून परत जातील. बाबा, म्हणजे सासरे, वनखात्यातून निवृत्त झालेत आणि नोकरीची बरीच वर्षं मेळघाटात काढली आहेत. तिकडे साग पानं टाकतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर, पाणी कमी पडायला लागलं की. थंडीच्या आधी अख्खा डोंगर लाल-केशरी होतो आणि मग उघडा पडतो, हे त्यांनी फक्त फोटोंत पाहिलंय. गेल्या वर्षी आमच्या अंगणातल्या मेपलचा फोटो पाठवला, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "पिवळा रंग समजला, पण हे झाड लाल कशाने होतं?" या माणसाला ते जंगल सावकाश दाखवायचं आहे, नुसतं गाडीच्या काचेतून नाही. म्हणून महामार्गालगतचं हॉटेल नको, छोट्या गावातली शंभर-दीडशे वर्षं जुनी इन, म्हणजे घरगुती छोटं हॉटेल, हवी. सकाळी उठून चालत बाहेर पडलं की समोर झाडं असावीत.

आता अडचणी सांगते.

तारखा आमच्या हातात फारशा नाहीत. यंदा, २०२६ मध्ये, अधिक मासामुळे नवरात्र उशिरा आलंय. घटस्थापना ११ ऑक्टोबरला, रविवारी आहे. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, घट आमच्याच घरी बसतात आणि अखंड दिवा असतो, त्यामुळे त्यानंतर दसऱ्यापर्यंत घर बंद ठेवून कुठेही जाणं नाही. सगळे ज्या लाँग वीकेंडला जातात तो नेमका १० ते १२ ऑक्टोबर, म्हणजे तो बाद. सर्वपित्री १० तारखेला, त्याच्या आदल्या दिवशी घरी असायलाच हवं. म्हणून रविवार ४ ते गुरुवार ८ ऑक्टोबर असं ठरवतेय. तेव्हा रंग आलेले असतात का, आणि कुठे?

दुसरं, बाबांचे गुडघे. सपाटीला तासभर सहज चालतात, पण जिने आणि उंच पायऱ्या जमत नाहीत. जुन्या इनमध्ये लिफ्ट नसते, हे माहीत आहे.

तिसरं, जेवण. दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. इनमध्ये नाश्ता बहुधा खोलीच्या भाड्यातच असतो, पण तिथे आई खाऊ शकतील असं काही मिळतं का? शिवाय त्या रोज सकाळी देवापुढे निरांजन लावतात. लाकडी घरात हे चालेल का?

माझा कच्चा आराखडा: चारही रात्री व्हर्माँटमधल्या वुडस्टॉकला मुक्काम आणि तिथून रोज फिरायचं. एक दिवस कँकमॅगस हायवे, एक दिवस सफरचंदाची बाग आणि सायडर (सफरचंदाचा ताजा रस) काढायची मिल, एक दिवस माउंट वॉशिंग्टनची रेल्वे. बजेट रात्रीला एका खोलीचे तीनशे डॉलर, दोन खोल्या. जाऊन आलेल्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

उत्तरवारा

तारखा चांगल्या आहेत. वीकेंड टाळताय त्याचा फायदाच होईल. पानगळीच्या हंगामात बऱ्याच इन शनिवार-रविवारी किमान दोन किंवा तीन रात्रींचं बुकिंग मागतात. मधल्या वारी ती अट सैल असते आणि दरही उतरतो. भाड्यावर व्हर्माँटमध्ये ९ टक्के राज्याचा कर, काही गावांत आणखी १ टक्का, आणि न्यू हॅम्पशरमध्ये साडेआठ टक्के. तुमचे तीनशे यासकट धरा. रद्द करायची मुदत वाचल्याशिवाय कार्ड देऊ नका. या हंगामात ती दोन-दोन आठवडे आधीची असते.

पण चारही रात्री वुडस्टॉकला राहू नका. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून खाली दरीत उतरत येतो. उत्तर व्हर्माँट आणि न्यू हॅम्पशरमधल्या व्हाइट माउंटन्स डोंगरांच्या उंच भागात सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा चांगला, वुडस्टॉकच्या बाजूला त्यानंतर. म्हणून आधी थेट वर जा, दोन रात्री न्यू हॅम्पशरमध्ये फ्रँकोनिया किंवा शुगर हिल गावाच्या आसपास राहा आणि परतीच्या वाटेवर दोन रात्री वुडस्टॉक. पहिल्या दिवशी सहा तासांच्या आसपास गाडी चालवावी लागेल, पण वुडस्टॉकहून रोज वर जाऊन परत येण्यापेक्षा बाबांना हे सोपं पडेल.

कँकमॅगस सुमारे ३४ मैलांचा आहे, लिंकन ते कॉन्वे. वाटेत पेट्रोल पंप नाही आणि फोनला रेंजही जवळजवळ नाही, तेव्हा टाकी लिंकनलाच भरा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या. कठडे असलेले थांबे रस्त्यालगतच आहेत, दृश्यासाठी चढावं लागत नाही. जवळच्या फ्लूम गॉर्ज या घळीत मात्र त्यांना नेऊ नका, खूप पायऱ्या आहेत.

रानमेवा

मी न्यू हॅम्पशरमध्ये नॅशुआत राहते, माझे आई-वडील दर दोन वर्षांनी येतात, त्यामुळे राहण्याबद्दल बोलते.

वेबसाइटवरून बुकिंग करू नका, फोन करा. "तळमजल्यावरची खोली" एवढंच म्हणून भागत नाही. अंगणातून दारापर्यंत किती पायऱ्या, न्हाणीघरात टबाची कड ओलांडावी लागते की साधा शॉवर आहे, पलंग किती उंच, हे तीन प्रश्न विचाराच. पुष्कळ इनच्या मागे जुन्या घोडागाडीखान्याच्या बैठ्या खोल्या करून घेतलेल्या असतात. मुख्य इमारतीपेक्षा त्या दिसायला साध्या, पण गुडघेदुखीवाल्यांसाठी त्याच बऱ्या.

नाश्त्याचं आदल्या आठवड्यात सांगून ठेवा. ओटमील, फळं, दही, भाजलेले बटाटे, टोस्ट हे कुठेही करून देतात. पॅनकेक, वॉफल, मफिन यांत अंडं असतंच असं धरून चाला. सायडर डोनटमध्येही बहुतेक ठिकाणी असतं, आणि बागेत तोच सगळ्यांच्या हातात दिसतो, म्हणून आईंना आधी सांगा. त्यांच्यासाठी ताजा सायडर आहे, मेपल घातलेलं मऊ आइस्क्रीम आहे (एखाद्या मिश्रणात अंडं असू शकतं, खिडकीवर विचारा) आणि झाडावरून तोडलेली सफरचंदं आहेत. मॅकिंटॉश आणि कॉर्टलंड या जाती तेव्हा बागेत असतात. चीझ घेणार असाल तर त्यातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ, तो प्राणिजन्यही असतो) वनस्पतिजन्य आहे का ते पाहा. रात्रीसाठी मेथीचे ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी न्या. लहान गावात जेवणाची जागा बऱ्याचदा आठला बंद होते आणि सोमवार-मंगळवारी कधीकधी मुळात उघडतच नाही.

निरांजन लावू नका. लाकडी इमारती आहेत, मेणबत्ती-उदबत्तीलाही बंदी असते आणि धुराचा गजर वाजला तर अख्खी इन रात्रीच्या कपड्यांत बाहेर येते. माझी आई बॅटरीवरचा छोटा दिवा नेते.

सागवान

मला फक्त बाबांबद्दल लिहायचंय, कारण मीही जंगलाच्या कामातलाच.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर: पिवळा आणि केशरी रंग पानात आधीपासून असतो. दिवस लहान झाले की हरितद्रव्य मोडतं आणि तो उघडा पडतो. लाल रंग मात्र झाड त्या वेळी नव्याने बनवतं. देठाशी वाट बंद होत जाते, पानात साखर अडकते, तिच्यापासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गोठणार नाही इतपत गारठा, असा आठवडा मिळाला तर शुगर मेपल आणि रेड मेपल पेटतात.

आणि वुडस्टॉकला तुम्ही जे यादीत धरलेलंच नाही, ते त्यांना सगळ्यात आवडेल: मार्श-बिलिंग्ज-रॉकफेलर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान. आज व्हर्माँटचा पाऊण भाग जंगल आहे, पण एकोणिसाव्या शतकात मेरिनो मेंढ्यांसाठी इथले डोंगर बोडके केले होते. वुडस्टॉकचे जॉर्ज पर्किन्स मार्श ते पाहत मोठे झाले आणि १८६४ मध्ये, जंगल तोडलं की माती आणि पाणी कसं जातं, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. पुढे त्यांची जमीन फ्रेडरिक बिलिंग्ज यांनी विकत घेतली, उजाड उतारांवर झाडं लावली आणि घोडागाडीसाठी रस्ते आखले. ते रस्ते आजही आहेत, चढ सौम्य आहे, पायऱ्या नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीच्या लागवडीचे स्प्रूस उभे आहेत. रोपवनात आयुष्य घालवलेल्या माणसाला मुद्दाम न्यावं अशी ती जागा आहे. पूर्ण सकाळ ठेवा. समोरच बिलिंग्ज फार्म आहे, जर्सी गाईंचा, आईंना तिथे बरं वाटेल.

त्यासाठी माउंट वॉशिंग्टनची रेल्वे सोडली तरी चालेल. १८६९ ची आहे, बघण्यासारखी आहे, पण वर बोचरा वारा असतो आणि ढगात गेलं तर काहीच दिसत नाही. त्याऐवजी वुडस्टॉकहून विंडसरला जा. तिथे कनेक्टिकट नदीवर १८६६ चा छताचा लाकडी पूल आहे, साडेचारशे फुटांच्या आसपास लांब, अजून गाड्या जातात.

एक विनंती. वुडस्टॉकशेजारच्या पॉम्फ्रेट गावातलं, पानगळीच्या फोटोंमुळे गाजलेलं शेत शोधत जाऊ नका. ते खाजगी घर आहे, आणि गर्दीने तिथले रहिवासी इतके त्रासले की २०२३ च्या हंगामात गावाने तो रस्ता बाहेरच्यांना बंद केला.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. रानमेवाताई, टबाच्या कडेचा प्रश्न मला सुचलाच नसता. सागवानदादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि आता मार्श यांच्याबद्दल आणखी काय वाचता येईल विचारतायत.

ठरलं असं: रविवार-सोमवार शुगर हिल, मंगळवार-बुधवार वुडस्टॉक, गुरुवारी पुलावरून विंडसर करून घरी. रेल्वे रद्द. शुगर हिलला बैठ्या खोल्यांची एक इन मिळाली, दारात एकच पायरी. वुडस्टॉकला तळमजल्याची एकच खोली शिल्लक आहे, आम्ही वर राहू.

अजून एक विचारते. मंगळवारी शुगर हिलहून वुडस्टॉकला येताना आंतरराज्य महामार्ग ९१ धरावा, की नदीकाठच्या जुन्या रस्त्याने यावं? दुपारपर्यंत पोचायचं आहे आणि वाटेत एखादी सफरचंदाची बाग हवी, जिथे शिडी न चढता हाताला फळं येतील.