हरमलला रूमवर ‘नो इस्रायली’ बोर्ड लावणं बरोबर काय?

म्हापसेकर:
मामेभावाच्या गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर रूम आहेत, सीझनला भाड्यानं देतो. परवा पुठ्ठ्यावर मार्करनं ‘नो इस्रायली’ लिहून ठेवलंय, अजून टांगलं नाही कारण मामी ओरडली. तो म्हणतो गाझात एवढी पोरं मेली नि मी ह्यांना शकशुका (टोमॅटोतली अंडी, त्यांचा नाश्ता) करून घालू? तिकडची सक्तीची आर्मी संपवून मजा मारायला येतात इथं. गाझाचं मलाही वाईट वाटतं, व्हिडिओ बघवत नाहीत. पण त्याच दमात म्हणाला, ‘ही ज्यू जातच पैशाला चिकट, शंभर रुपयांसाठी तासभर घासाघीस’. तिथं खटकलं. हा पॅलेस्टाईनला पाठिंबा की भलतंच काही?

किनाऱ्यावरचा:
लावू दे की. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदावर जगानं बहिष्कार घातलेलाच ना, भारतानं तर १९४६ लाच व्यापार बंद केला होता. आणि घासाघीस दिल्लीवाले काय कमी करतात? ते वाक्य सोड, बोर्ड ठेव.

फोंड्याची:
@किनाऱ्यावरचा ते वाक्य कसं सोडायचं, सगळी मेख तिथंच आहे. ज्यू म्हणजे चिकट, हे युरोपात शेकडो वर्षं चाललं नि त्यात माणसं जाळली. लांब कशाला, पणजीत गार्सिया द ओर्ताच्या नावानं बाग आहे ना, तो ज्यू घराण्यातला वैद्य, १५६३ ला गोव्यात औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं त्यानं. तो १५६८ ला गेला, पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याच्या बहिणीला इथंच जाळलं आणि १५८० ला ह्याची हाडं उकरून तीपण जाळली. वरून ख्रिस्ती, आतून ज्यू, हा गुन्हा.
आता बोर्डाचं. इस्रायलच्या नागरिकांत पाचातला एक अरब. इस्रायलातल्या नाझरेथ गावचा पॅलेस्टिनी पोरगा त्याच पासपोर्टवर आला तर त्यालाही हाकलणार? आणि ऑक्टोबर २०२३ ला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात ‘आमच्या नावानं नको’ म्हणत बसलेले शेकडो ज्यू, पोलिसांनी उचलून नेले, त्यांतला कोणी कोहेन अशा ज्यू आडनावाचा आला की मामेभाऊ काय करणार? बहिष्कार घालायचा तर हत्यारांवर घाला. हैदराबादेत इस्रायली कंपनीच्या भागीदारीत ड्रोन बनतात, त्यावर कोण बोलत नाही, पुठ्ठा स्वस्त पडतो.

नवगावकरीण:
मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, माहेर अलिबागकडचं, आता वास्कोला. घरात मराठीच बोलतो, मलिद्याला, म्हणजे आमच्या नैवेद्याला, पोहे-गूळ-नारळच लागतो. सोसायटीत कळलं की आम्ही ज्यू, की पहिला प्रश्न ‘मग गाझाबद्दल तुमचं काय?’ अजून चहा पण झालेला नसतो. गाझात चाललंय ते भयंकर आहे, उपाशी पोरांवर कसली लढाई, हे मी कोणी न विचारता बोलते. पण आधी परीक्षा द्या मग शेजारी म्हणू, हे मला नको. माझी आतेबहीण अश्दोदला असते, ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात सायरन वाजल्यापासून तिची झोप उडालीय आणि तीच नेतन्याहूविरुद्ध मोर्च्याला जाते. दोन्ही खरं आहे.
उलट बाजूनं पण ऐकतो बरं का. सरकारवर टीका केली की आमच्यातलेच म्हणतात तू ज्यूद्वेष्टी. वा रे! ज्या इस्रायलात आमच्या लोकांना ‘हे खरे ज्यू आहेत काय’ म्हणून लग्नाला अडवलं, १९६४ ला जेरुसलेमात धरणं धरावं लागलं, तिथल्या सरकारला आम्ही बोलायचं नाही?

म्हापसेकर:
ताई, हे लग्नाचं मला ठाऊकच नव्हतं. मामेभावाला सगळा धागा पाठवला. म्हणतो नाझरेथचं पटलं, पण आर्मीच्या गोष्टी सांगत फुशारकी मारणाऱ्याला रूम देणार नाही.

नवगावकरीण:
त्याला नको देऊ. गाझाबद्दल फुशारकी मारत असेल तर मीपण देणार नाही. पण तो बोलल्यावर ठरव, पासपोर्ट बघून नको.

किनाऱ्यावरचा:
आणि बोलला नाही तर? गप्प बसून शकशुका खाऊन जाईल. मला बोर्डच पटतो, पण त्यावर ‘ज्यू’ लिहिलं तर मी स्वतः येऊन फाडीन.