मदत हवी आहे: डिपेंडन्सीचा ग्राफ काढायला गेले, हाती आला गुंतवळ

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका छोट्या कंपनीत जुना जावा कोड सांभाळते. सॉफ्टवेअर पतसंस्थांचं, वय सोळा वर्षं, मूळ लिहिणाऱ्यांपैकी आता इथे कुणीच नाही. त्यातली व्याज-आकारणी सोडवून वेगळी सर्व्हिस करायची आहे. कुठला धागा ओढला की काय उसवेल ते कळावं म्हणून आधी चित्र काढू म्हटलं, आणि तिथेच अडकलेय.

जेडीकेबरोबर (जावाची विकसक साधनं) येणाऱ्या जेडेप्सकडून, म्हणजे कोण कुणाला वापरतं ते सांगणाऱ्या साधनाकडून, डॉट फाइल (ग्राफची मजकुरातली नोंद) काढली. पॅकेज (क्लासेसचा गठ्ठा) म्हणजे नोड, एकाने दुसऱ्याला वापरलं की बाण. जो तो जावाच्याच मूलभूत जावा-लँग आणि जावा-युटिलकडे बोट दाखवत होता, ते ग्रेप (ओळी गाळणारी कमांड) लावून उडवले. उरली ४१२ पॅकेजेस आणि अडीच हजारांच्या आसपास बाण. ग्राफविझ या ग्राफ रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डॉटने पीएनजी करताना ग्राफ फार मोठा असल्याची तक्रार केली आणि चित्र इतकं आक्रसून दिलं की अक्षर म्हणजे मुंगी. एसव्हीजी उघडते, पण सरकवता सरकवता कुठला बाण धरला होता तेच विसरते. ग्राफविझच्याच एसएफडीपीने केसांचा गुंतवळ दिला. गेफी या ग्राफ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोर्सअ‍ॅटलास-२ ही मांडणी लावून रंग भरले, ते मात्र इतकं देखणं झालं की सरांनी क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये लावलं. क्लायंटने विचारलं, “यात व्याज कुठंय?” सर माझ्याकडे बघतात, मी छताकडे.

पसारा कमी करायला ग्राफविझचंच टीरेड वापरलं (अ→ब→क असा रस्ता असेल तर अ→क हा थेट बाण ते गाळतं). ते सायकल (फिरून पुन्हा तिथेच येणारा रस्ता) असल्याची वॉर्निंग देतं. नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीने स्ट्राँगली कनेक्टेड कंपोनंट काढले, तर ६१ पॅकेजेस एकातच! कुठूनही निघा, कुठेही पोचा. व्याजही त्यातच. सगळ्या सायकली काढायला तिचंच सिम्पल-सायकल्स फंक्शन लावून घरी गेले. सकाळी चालूच, फाइल ९ जीबी.

या ६१मधले नेमके कुठले बाण तोडायचे? आणि ते माणसाला वाचता येईल असं दाखवायचं कसं?

बाणमोज्या:
सायकली मोजायच्या नादी लागू नका, त्यांची संख्या घातांकी वाढू शकते. कंपोनंट चुटकीसरशी निघाले कारण टार्जनच्या १९७२च्या पद्धतीला ग्राफची एकच फेरी पुरते. तुम्हाला हवा आहे फीडबॅक आर्क सेट: जे कमीत कमी बाण काढले की ग्राफ सायकलमुक्त होतो ते. अचूक उत्तर अवघड, कार्पच्या १९७२च्याच २१ एनपी-कम्प्लीट (ज्यांना झटपट अचूक उत्तर काढायची रीत माहीत नाही अशा) प्रश्नांत ते आहे. पण इथे अचूक मागितलंय कुणी? आयग्राफ या ग्राफच्या लायब्ररीत याचं फंक्शन आहे, त्यात ईड्सची जवळपासचं उत्तर देणारी पद्धत निवडा. बाणांना वजन मात्र द्या: किती क्लासेसमुळे तो बाण आहे. जेडेप्स क्लासच्या पातळीवर चालवलं की मोजता येतं. १४० क्लासेसचा बाण तोडायला वर्ष जाईल, एका क्लासचा दुपारच्या चहाआधी तुटतो.

चित्र सोडा, ६१×६१चा तक्ता करा, एक्सेलमध्येसुद्धा चालेल. ओळीत वापरणारं पॅकेज, स्तंभात वापरलं जाणारं. आयग्राफने सुचवलेले बाण वगळून टोपोलॉजिकल सॉर्ट (वापरणारं आधी, वापरलं जाणारं नंतर) करा, तोच क्रम दोन्हीकडे. सगळ्या खुणा कर्णाच्या एका बाजूला जातात, पलीकडे उरतात त्या तोडायच्या. क्लायंटसाठी चित्रच हवं असेल तर आधी कंपोनंटचा एकेक नोड करा, म्हणजे टीरेड कुरकुरणार नाही, आणि मग व्याजाच्या शेजारचे तेवढेच ठेवा.

धागाकर्ती:
अनेक आभार! कर्णापलीकडे १९ खुणा निघाल्या, त्यातल्या ७ एकेका क्लासच्या. गंमत म्हणजे ‘युटिल’ पॅकेज ‘व्याज’ला वापरत होतं. का, तर रक्कम राऊंड करायचं फंक्शन कुणीतरी व्याजाच्या क्लासमध्ये ठेवलेलं. अकरा ओळी! त्या उचलून युटिलमध्ये टाकल्या, ६१चे ३४ झाले.

पण आता नवीन शंका. जेडेप्स बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) वाचतं आणि आमची निम्मी जोडणी एक्सएमएलमध्ये आहे, क्लासचं नाव नुसती स्ट्रिंग. ते बाण तक्त्यात येतच नाहीत. दुसऱ्या पॅकेजमधले स्टॅटिक फायनल आकडेही कंपायलर जागीच भरून टाकतो, म्हणजे तेही गायब. एक्सएमएल वाचून असे बाण ग्राफमध्ये घालणारं काही कुणी वापरलंय का, की बसून स्क्रिप्टच लिहू?