अचानक मन हाताबाहेर गेलं तेव्हा : सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

छातीत कळ आली की काय करायचं हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण घरातलं माणूस "मला आता जगायचंच नाही" म्हणालं की भलेभले गांगरतात. कुणी त्याला दटावून गप्प करतं, कुणी सकाळ होण्याची वाट बघतं. अशा वेळी तुम्ही कुणाला फोन केलात, कुठं नेलंत, कोण धावून आलं, ते इथे लिहा. नावं नकोत, आणि कुणी जिवाचं काय करून घेतलं याचे तपशीलही नकोत.

आत्ता या क्षणी कुणी अडचणीत असेल तर वाचणं थांबवा आणि १४४१६ लावा. 'टेलिमानस' ही २०२२ साली सुरू झालेली सरकारी सेवा आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. दवाखान्यात न्यायचं असेल तर १०८, पोलीस लागले तर ११२.

माझ्यापासून सुरुवात करते. आम्ही साताऱ्याचे. धाकट्या भावाची झोप उडाली होती, जेवण सुटलं होतं. एका रात्री तो म्हणाला, "ताई, मी नसलेलाच बरा." मी सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात येतंय का रे?" तो रडायला लागला आणि हो म्हणाला. असं विचारल्यानं डोक्यात नसलेलं शिरतं, हा गैरसमज आहे. उलट त्याला ओझं उतरवायला जागा मिळाली. आई त्याच्याजवळ बसली, मी रिक्षा आणली आणि आम्ही सिव्हिलच्या अपघात विभागात गेलो. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगितलं, "याच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत, याला एकटं सोडता येणार नाही." "बरं वाटत नाहीये" असं मोघम सांगितलं असतं तर बहुधा बाकड्यावर बसून राहिलो असतो. त्याला रात्री ठेवून घेतलं, सकाळी मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं.

तासगावहून

आमची द्राक्षबाग हाय. अवकाळीनं घड गेले, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. मालक बोलायचं बंद झाले, नुसते बागेत जाऊन बसायचे. लेकीनं १४४१६ लावला. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, "ते आत्ता कुठं आहेत? जवळ कोण आहे? फवारणीची औषधं कुठं ठेवता?" औषधं शेडात होती आणि किल्ली मालकांच्याच करदोट्याला. दीर गोडीत बोलत बसले, बोलता बोलता किल्ली मागून घेतली. औषधं त्याच रात्री भावकीतल्या घरी हलवली. मग त्या बाई मालकांशी बोलल्या, बराच वेळ. दुसऱ्या दिवशी सांगलीला सिव्हिलला नेलं. गोळ्या चालू हायत. औषधं अजून भावकीकडंच असतात, फवारणीला लागतील तेवढीच दीर घेऊन येतात.

कऱ्हाडहून

वहिनी बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. रात्र रात्र जागी, असंबद्ध बोलणं, "हे बाळ माझं नाही, बदललंय" म्हणायची. घरात देवऋषाकडे न्यायचं ठरत होतं. आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका, बाळाला बघायला आल्या होत्या. त्यांनी उंबऱ्यातूनच सांगितलं, "अंगारा नंतर लावा, आधी गाडी बोलवा." तो बाळंतपणानंतरचा तीव्र मानसिक आजार होता. त्यात आईला आणि बाळाला, दोघांनाही धोका असतो, तास-दोन तासही दवडायचे नसतात. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक बाया पूर्ण बऱ्या होतात. आमची वहिनी झाली. त्या आशाताईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मिरजेहून

मी स्वतः जीव द्यायचा प्रयत्न केला होता. मला ज्या खाजगी दवाखान्यात आधी नेलं त्यांनी "पोलीस केस आहे, घेत नाही" म्हणून दारातूनच परत पाठवलं. सिव्हिलनं घेतलं म्हणून आज लिहितोय. आधी जीव वाचवायचा, कागद मागाहून, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलंय. अडवलं तर हे ठणकावून सांगा. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा वडील थरथरत होते, पोराला आत टाकतील म्हणून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम म्हणतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चाला. त्याला शिक्षा नको, उपचार द्या. केसच्या भीतीनं घरीच ताक-मीठ पाजत बसणारी माणसं मला माहीत आहेत. कृपा करून असं करू नका.

विट्याहून

दारू एकदम बंद केलेला माणूस दोन-चार दिवसांनी थरथरायला लागला, भिंतीवर किडे दिसतात म्हणाला, तर ते नाटक नव्हे आणि भूतही नव्हे. लगेच दवाखाना गाठा, यात जीव जाऊ शकतो. चुलत्यांच्या वेळी शेजारच्या कंपाउंडरनं ओळखलं म्हणून ते वाचले.

जतहून

आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत. सांगली लांब. रात्री काय करायचं?

सातारा

जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ९४ व्या कलमानुसार जिवाला धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, तज्ज्ञच हवा असं नाही. तोवर सांगलीला हलवायची सोय बघता येते. वाटेत १४४१६ चालू ठेवा. आणि गाडीत पेशंटला दाराशी बसवू नका, दोघांच्या मध्ये घ्या.