प्रति: चर्चने कर्जमाफीत का पडावं?

वर एकांनी लिहिलंय की चर्चवाल्यांनी प्रार्थना करावी, अर्थकारणात नाक खुपसू नये. अहो, गरीब देशांची कर्जं माफ व्हावीत म्हणून चाललेल्या 'ज्युबिली २०००' मोहिमेचा पायाच बायबलमधला आहे! लेवीय, अध्याय २५ : दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत, दास मोकळे; तेच 'ज्युबिली' वर्ष. १६ मे १९९८ ला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये जी-८ (आठ बड्या देशांच्या) परिषदेच्या वेळी सुमारे ७०,००० माणसांनी मानवी साखळी केली. त्यात गावोगावच्या चर्चमधून आलेले कितीतरी आजी-आजोबा. (नेतेमंडळी त्या दिवशी शहराबाहेरच्या बंगल्यात!) पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या कोलोनच्या जी-८ परिषदेत वाढीव माफी जाहीर झाली.

माझा आक्षेप वेगळा आहे. सरकारांनी कर्ज सोडलं, तरी खासगी सावकार मोकाट राहिले. झांबियाने रुमानियाकडून ट्रॅक्टर वगैरे उधारीवर घेतले होते. ते थकलेलं कर्ज डोनेगल इंटरनॅशनल या खासगी कंपनीने सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतलं आणि लंडनच्या कोर्टात साडेपाच कोटी डॉलरचा दावा ठोकला. २००७ मध्ये कोर्टाने दीड कोटीच्या आसपास देववलेही. ब्रिटनने ही पळवाट २०१० मध्ये कायदा करून बुजवली, तीही याच मोहिमेच्या वारसदारांनी नेट लावल्यावर. न्यूयॉर्कच्या कोर्टात लावलेल्या दाव्यांना मात्र तो लागू नाही.