वीज गेली की किंमत कळते
कुणीतरी गॅस फायरप्लेसला, म्हणजे घरातल्या गॅसवर पेटणाऱ्या शेकोटीला, ‘नुसती शोभेची वस्तू’ म्हटलंय, म्हणून लिहितेय. इथे अमेरिकेत मिनेसोटात जानेवारीत पारा उणे 25 सेल्सिअसपर्यंतही उतरतो. घर गरम करणारा फर्नेस गॅसवरचा असला तरी त्याचा पंखा विजेवर चालतो. वीज गेली की घर गारठलंच. आमच्या फायरप्लेसची पायलट ज्योत, म्हणजे आतली छोटी ज्योत, मात्र सतत तेवत असते आणि तिच्याच उष्णतेतून गॅसचा व्हॉल्व्ह उघडण्यापुरती किंचितशी वीज (काही मिलिव्होल्ट) तयार होते. बटण दाबलं की फायरप्लेस भप्पकन पेटते. गेल्या हिवाळ्यात वीज गेली तेव्हा सगळे तिच्यासमोर गाद्या टाकून झोपलो. सासूबाईंनी चक्क मोजे काढले! लाकडं नाहीत, राख नाही. डायरेक्ट व्हेंट, म्हणजे थेट घराबाहेर नळी काढलेली बंदिस्त फायरप्लेस असेल तर ज्वलनासाठी हवाही बाहेरूनच घेते. काच मात्र भयंकर तापते, घरात लहान मूल असेल तर पुढे जाळी हवीच. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही.